नाव चोरलेल्या माणसाचे गाणे

१

दलित साहित्याची चर्चा करणाऱ्या नियतकालिकात एका विलायती रॉक गाण्यावर लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. प्रश्न रास्त आहे. आपल्या प्रश्नांनाच जागा पुरत नसताना साहेबाच्या गाण्याची उठाठेव कोणी करावी? परंतु मी ज्या महाविद्यालयात शिकवतो तेथे वरळी कोळीवाड्यातली मुले आहेत, बी. डी. डी. चाळींत वाढलेली मुले आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांना ‘क्वीन’ या इंग्रजी बँडचे ‘बोहेमियन रॅप्सडी’ हे गाणे तोंडपाठ आहे. २०१८ साली याच नावाचा चित्रपट आला आणि १९७५ सालचे हे गाणे त्यांच्या पिढीचे होऊन गेले. एका स्नेहसंमेलनात कोळीवाड्यातील चार मुलांनी ते कीबोर्ड, बेंजो आणि ऑक्टोपॅडवर वाजविले. ज्या बेंजोवर हळदीची गाणी वाजतात त्याच बेंजोवर हे गाणे वाजले, आणि अर्धे सभागृह उभे राहून गात होते. जे गाणे आपल्या मुलांच्या ओठांवर आहे ते आपल्या समीक्षेच्या कक्षेबाहेर कसे ठेवता येईल?

या गाण्याविषयी आपल्याकडे दोन प्रतिक्रिया आढळतात. एक प्रतिक्रिया चळवळीतल्या जुन्या कार्यकर्त्याची: ही पांढरपेशांची चैन आहे, आपला तिच्याशी संबंध नाही. दुसरी वृत्तपत्रांच्या रविवार पुरवणीची: या गाण्याचा कर्ता फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीत शिकला, म्हणून महाराष्ट्राने छाती फुगवावी. मला या दोन्ही प्रतिक्रिया सारख्याच आळशी वाटतात. पहिली गाणे ऐकत नाही. दुसरी त्या माणसाला विचारत नाही की, बाबा रे, पाचगणीत आलास तेव्हा तुझे नाव काय होते, आणि ते तू का टाकलेस?

या गाण्याचे मर्म त्याच प्रश्नात आहे असे माझे मत आहे. आणि तो प्रश्न आपल्याला परका नाही. तो आपल्या घरातला आहे.

२

प्रथम गाण्याविषयी. ते ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाले. लांबी सहा मिनिटांना पाच सेकंद कमी. रेडिओवर तीन मिनिटांची गाणी लागत असलेल्या त्या काळात एवढे लांब गाणे चालणार नाही, असे रेकॉर्ड कंपनीचे म्हणणे होते. केनी एव्हरेट या निवेदकाने एका शनिवार-रविवारात ते चौदा वेळा वाजविले आणि दुकानांत मागणी सुरू झाली. आपल्याकडे बिनाका गीतमालेत गाण्यांची ‘पायदाने’ जाहीर होत. इंग्लंडमध्ये दर आठवड्याच्या खपाची तशी यादी निघते. त्या यादीच्या वरच्या पायदानावर हे गाणे सलग नऊ आठवडे राहिले. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी मर्क्युरी वारला, गाणे पुन्हा बाजारात आले आणि पुन्हा पाच आठवडे पहिले राहिले.

गाण्याची रचना विलक्षण आहे. सुरुवात संथ कथागीताची: पियानो, आणि एक तरुण आपल्या आईला सांगतो आहे की त्याच्या हातून एका माणसाचा जीव गेला. त्याला निघून जावे लागणार आहे, आणि आपण जन्मलोच नसतो तर बरे, असे त्याला वाटते. मग ब्रायन मे यांची गिटार येते. त्यानंतर अचानक ऑपेराचे सोंग सुरू होते. येथे एक न्यायसभा भरली आहे. एक बाजू म्हणते याला सोडा, दुसरी म्हणते सोडणार नाही. इटालियन नाटकातला विदूषक येतो, गॅलिलिओचे नाव येते, सैतान येतो, आणि या सगळ्या युरोपीय गलबल्यात मध्येच ‘बिस्मिल्ला’ हा अरबी शब्द घणासारखा पडतो. मर्क्युरी, मे आणि रॉजर टेलर या तिघांनीच आपले आवाज ध्वनिफितीवर एकावर एक चढवून ही शेकडो माणसांची सभा उभी केली. चौथा सहकारी जॉन डीकन बासगिटार वाजवितो. सभेनंतर आरोपीचा संताप कडक रॉकमध्ये उसळतो, तो दार तोडून बाहेर पडू पाहतो. आणि शेवटी? शेवटी सगळा संताप ओसरतो, पियानो परत येतो, आणि गाणे एका थकलेल्या बेफिकिरीत विरून जाते.

ऑपेरा हा युरोपातील अभिजनांचा कलाप्रकार. त्याची येथे केलेली थट्टा ऐकताना मला तमाशाच्या वगातील दरबाराची आठवण होते. राजा, प्रधान, शिपाई सगळे गंभीर आव आणतात आणि न्यायाचे विडंबन होते. फरक एवढाच की वगातील दरबारात राजा कोण आणि रयत कोण हे प्रेक्षकाला स्वच्छ दिसते. म्हणून तेथले हसणे धारदार असते. या गाण्यात आरोपी कोण ते कळते, पण फिर्यादी कोण, न्यायाधीश कोण, आणि मुळात गुन्हा घडला कशामुळे, हे अखेरपर्यंत कळत नाही. मेलेल्या माणसाला नाव नाही. मारणाऱ्यालाही नाव नाही.

मर्क्युरीने या गाण्याचा अर्थ कधीही उलगडून सांगितला नाही. काही इंग्रजी समीक्षकांनी त्यात समलिंगी पुरुषाची गुप्त कबुली वाचली आहे. तो अर्थ मी नाकारत नाही. १९६७ पर्यंत इंग्लंडमध्ये तो गुन्हा होता, आपल्या देशात २०१८ पर्यंत होता, आणि एड्स झाल्याचे मर्क्युरीने मृत्यूच्या केवळ एक दिवस आधी जाहीर केले. लपविण्याचे ओझे तो जन्मभर वाहत होता. परंतु त्या लपविण्याच्या आधी, शाळकरी वयापासूनचे, आणखी एक लपविणे आहे, आणि इंग्रजी समीक्षा तेथे फार थोडा वेळ थांबते. मारल्या गेलेल्या त्या निनावी माणसाच्या जागी ‘फरोख बलसारा’ हे नाव ठेवून गाणे पुन्हा ऐकावे. मला ते तेव्हाच पहिल्यांदा कळले.

३

फरोख बलसाराचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ चा, झांझिबारचा. आईवडील पारशी. वडील तेथील ब्रिटिश सरकारच्या नोकरीत रोखपाल. बलसारा हे आडनाव गुजरातच्या बलसारवरून, म्हणजे आजच्या वलसाडवरून आलेले. गावाच्या नावावरून आडनाव घेण्याची रीत आपल्यालाही ठाऊक आहे.

१९५५ साली या मुलाला सातारा जिल्ह्यातील पाचगणीच्या सेंट पीटर्स या इंग्रजी निवासी शाळेत धाडण्यात आले. तेथे तो ‘फ्रेडी’ झाला. सोबत्यांनी हाक मारायला सुरुवात केली आणि हळूहळू नातेवाईकही त्याच नावाने बोलावू लागले. १९५८ साली पाच मुलांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. फ्रेडी त्यात पियानो वाजवी. ही मुले लिटल रिचर्ड आणि क्लिफ रिचर्ड यांची गाणी वाजवीत. लिटल रिचर्ड हा अमेरिकेतील काळा गायक. क्लिफ रिचर्ड म्हणजे १९४० साली लखनौत जन्मलेला हॅरी वेब. त्यानेही नाव बदलले होते. इंग्रज माणूस मात्र बाजारासाठी नाव बदलतो. त्याला त्याचे जुने नाव जिवावर उठलेले नसते.

सातारा जिल्हा म्हटले की आपल्यासमोर दुसरे एक पटावरचे नाव उभे राहते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद झाली. २०१७ पासून तो दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. भिवा घरून गोणपाट घेऊन जाई आणि वर्गात इतरांपासून वेगळा बसे. शिपायाने नळ सोडला तर पाणी, नाही तर तहान. त्याच जिल्ह्यातील थंड हवेच्या डोंगरावर पन्नास-पंचावन्न वर्षांनी आलेला फरोख पियानो शिकला. या दोन बालपणांची बरोबरी करणे हा अपराध ठरेल. पारशी समाजाने भांडवल आणि गिरण्या पाहिल्या. त्या गिरण्यांत आपल्या आज्या-पणज्यांनी घाम गाळला. झांझिबारमध्येही हिंदी आणि पारशी नोकरदार गोऱ्या राज्यकर्त्यांच्या खाली आणि आफ्रिकन कष्टकऱ्यांच्या वर अशा मधल्या पायरीवर होते. जानेवारी १९६४ मध्ये तेथे क्रांती झाली, सुलतानाची सत्ता उलथली, आणि बलसारा कुटुंब इंग्लंडला गेले.

लंडनच्या कडेला फेल्टम येथे ते राहू लागले, आणि तेथे ही मधली पायरी एका रात्रीत नाहीशी झाली. गोऱ्याच्या दृष्टीने पारशी, शीख, गुजराती, पाकिस्तानी असा भेद नव्हता. सगळ्यांना शिवी एकच होती. एप्रिल १९६८ मध्ये इनॉक पॉवेल या खासदाराने परदेशी माणसे येत राहिली तर रक्तपात होईल असे कुप्रसिद्ध भाषण केले. त्याच वर्षी केनियातील हिंदी लोकांना रोखणारा कायदा झाला. फेल्टमपासून जवळच असलेल्या साउथॉलमध्ये जून १९७६ मध्ये गुरदीपसिंग चग्गर या विद्यार्थ्याचा भोसकून खून झाला. ऑगस्ट १९७६ मध्ये एरिक क्लॅप्टन या नामवंत गिटारवादकाने बर्मिंगहॅमच्या व्यासपीठावरून पॉवेलची भलामण केली. हाच क्लॅप्टन काळ्यांचा ब्लूज वाजवून मोठा झाला होता आणि दोन वर्षांपूर्वी बॉब मार्लीचे गाणे गाऊन अमेरिकेत पहिल्या पायदानावर पोचला होता. काळ्याचे गाणे हवे, काळा शेजारी नको. आपल्याकडे तमाशा हवा, तमासगीर ओसरीवर नको, हा न्याय याहून वेगळा नाही. या संतापातूनच तेथे ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही चळवळ उभी राहिली.

अशा इंग्लंडमध्ये १९७० च्या सुमारास फ्रेडी बलसाराने ‘मर्क्युरी’ हे आडनाव घेतले. पुढे मुलाखतींत तो झांझिबारविषयी, मुंबईविषयी, पाचगणीविषयी क्वचितच बोलला. आणि पाच वर्षांनी त्याने एका तरुणाचे गाणे लिहिले, जो आईला सांगतो की आपण एका माणसाला संपविले आहे.

४

मुंबईहून बडोद्याकडे जाणारा लोहमार्ग घ्या. त्यावर वलसाड लागते, पुढे सुरतेच्या अलीकडे उधना, आणि मग बडोदे. या तीन स्थानकांवर तीन माणसांची नावे आपल्याला तपासायची आहेत.

बडोद्यापासून आरंभ करू. परदेशातील शिक्षणानंतर १९१७ च्या सुमारास बाबासाहेब बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू व्हायला गेले. राहायला जागा मिळेना. अखेर एका पारशी विश्रामगृहाच्या रखवालदाराने, नोंदवहीत पारशी नाव लिहिण्याच्या अटीवर, त्यांना ठेवून घेतले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून आले आणि त्यांनी बाबासाहेबांना संध्याकाळपर्यंत चालते होण्यास सांगितले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत बाबासाहेबांनी हे सारे स्वतः लिहून ठेवले आहे. जगातील श्रेष्ठ विद्यापीठात शिकलेल्या माणसाला छपरासाठी पारशाचे नाव घ्यावे लागले, आणि ते नावही अकरा दिवसच टिकले.

दुसरे स्थानक उधना. बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ साली आला. शीर्षककथेचा नायक रेल्वेच्या नोकरीसाठी तेथे जातो, जात न सांगता सवर्णाच्या घरी राहतो, मान मिळवितो, आणि जात उघडी पडताच मार खातो. ज्यांनी कालपर्यंत त्याच्या बुद्धीचे कौतुक केले तेच हात उगारतात. बागुलांनी स्वतः सुरतेकडे रेल्वेत नोकरी केली होती आणि खोलीसाठी जात लपविण्याची पाळी त्यांच्यावर आली होती. योगायोग असा की १९६३ हेच फरोखने पाचगणी सोडल्याचे साल.

तिसरे स्थानक वलसाड. ज्या गावाच्या नावावरून बलसारा हे आडनाव आले ते गाव. बडोद्यात दलिताने पारशी नावाचा आसरा घेतला, आणि लंडनमध्ये पारशाने पाश्चात्त्य नावाचा आसरा घेतला. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. तिच्यात प्रत्येकाच्या वर कोणी तरी असतो आणि खाली कोणी तरी असतो. ही श्रेणी समुद्र ओलांडल्यावर संपत नाही, तिच्या पायऱ्यांची नावे फक्त बदलतात. प्रत्येक पायरीवरचा माणूस जीव वाचवायला वरच्या पायरीचे नाव चोरतो. बडोद्याला लाठ्या घेऊन आलेल्यांना हे ठाऊक नव्हते की साठ वर्षांच्या आत त्यांच्याच समाजातला सर्वांत प्रसिद्ध मुलगा आपले नाव असेच कुठल्याशा नोंदवहीत बदलील.

अमेरिकेतील काळ्या लेखकांच्या साहित्याकडे डॉ. म. ना. वानखेडे यांनी आपले लक्ष वेधले, त्याला आता अर्धशतक उलटले. त्या साहित्यात गोरा म्हणून खपून जाणाऱ्या काळ्या माणसाच्या कथांची एक मोठी परंपरा आहे. जेम्स वेल्डन जॉन्सन यांची कादंबरी १९१२ ची, नेला लार्सन यांची १९२९ ची. या सर्व कथांत लपलेला माणूस जिंकतो आणि तरी हरतो. ‘बोहेमियन रॅप्सडी’ मला त्याच परंपरेतील वाटते. कबुली आहे, भीती आहे, आईची आठवण आहे, सभा आहे.

पण बागुलांच्या कथेत जे आहे ते या गाण्यात नाही. बागुल मारणाऱ्यांचा चेहरा दाखवितात. मार खाणाऱ्याच्या तोंडून ते असे उत्तर देतात की दोष व्यक्तीवरून व्यवस्थेवर जातो. गाण्यातला तरुण स्वतःलाच आरोपी मानतो. गोळी त्याच्या हातात होती एवढे त्याला दिसते. पिस्तूल त्या हातात कोणी दिले हे तो विचारीत नाही. म्हणून त्याचा संताप दारापर्यंत जातो आणि विरघळतो. दुःख अस्सल आहे, स्वर अस्सल आहे, पण त्या दुःखाला पत्ता नाही. मी हा दोष म्हणतो, आणि तो कलेचाच दोष म्हणतो. शेवटची बेफिकिरी ही ज्याला लढण्याची भाषा मिळाली नाही त्याची बेफिकिरी आहे.

५

गाण्याच्या नावाविषयीही थोडे बोलले पाहिजे, कारण तेथे उलट्या दिशेची चोरी आहे.

‘बोहेमियन’ म्हणजे मनस्वी, बंधने न मानणारा कलावंत, असा अर्थ आपण शब्दकोशात वाचतो. मूळ अर्थ वेगळा आहे. फ्रान्समध्ये रोमा लोकांना, म्हणजे ज्यांना इंग्रज तुच्छतेने ‘जिप्सी’ म्हणत त्या भटक्यांना, ते बोहेमिया प्रांतातून आले असे समजून हे नाव दिले गेले. हे रोमा सुमारे हजार वर्षांपूर्वी भारताच्या वायव्य भागातून गेले. त्यांच्या भाषेवरून ते सिद्ध झाले आहे. युरोपने त्यांना गावकुसाबाहेर ठेवले. रुमानियाच्या प्रदेशात ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गुलाम होते. हिटलरच्या छळछावण्यांत ते लाखांच्या संख्येने मारले गेले. आपल्याकडे १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरविले, आणि १९५२ पर्यंत ज्यांच्या कपाळी तो शिक्का राहिला, त्या भटक्या-विमुक्तांचे हे युरोपातील भाऊ. ‘उपरा’ आणि ‘उचल्या’ वाचलेल्या माणसाला ही ओळख वेगळी करून द्यायला नको.

एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या मध्यमवर्गीय चित्रकार-कवींनी हे नाव स्वतःला लावून घेतले. मुर्जेर यांच्या १८५१ च्या पुस्तकाने ते लोकप्रिय केले, पुच्चिनी यांच्या १८९६ च्या ऑपेराने ते रंगभूमीवर मिरविले. भटक्याची पालं, भूक आणि पोलिसाची काठी भटक्याकडेच राहिली. कलावंताने त्याचे नाव तेवढे उचलले, शोभेसाठी.

खालचा माणूस वरच्याचे नाव घेतो तेव्हा त्याला लबाड म्हणतात, पकडला गेला तर मारतात. वरचा माणूस खालच्याचे नाव घेतो तेव्हा त्याला कलावंत म्हणतात. या गाण्याच्या मथळ्यावर दुसरी चोरी आहे आणि गाण्याच्या पोटात पहिली. भारतीय उपखंडाशी रक्ताचे नाते असलेला एक माणूस, आपले नाते लपवून, भारतातूनच गेलेल्या भटक्यांच्या नावाने गातो, आणि हा संबंध ना त्याच्या ध्यानात येतो, ना त्याच्या लाखो चाहत्यांच्या.

६

नाव चोरणाऱ्याला मी दोष देत नाही. त्याला चोरायला लावणाऱ्याला देतो. परंतु वरच्या पायरीवर स्थिरावल्यानंतर माणूस काय करतो, हे विचारण्याचा अधिकार आपण सोडता कामा नये.

ऑक्टोबर १९८४ मध्ये ‘क्वीन’ने दक्षिण आफ्रिकेत सन सिटी येथे कार्यक्रम केले. सन सिटी हे बोफुथात्स्वानात उभारलेले जुगाराचे आणि ऐषारामाचे ठिकाण. काळ्यांना देशाचे नागरिकत्वच नाकारण्यासाठी गोऱ्या सरकारने जी बनावट ‘स्वतंत्र’ राज्ये निर्माण केली त्यांपैकी हे एक. संयुक्त राष्ट्रांनी कलावंतांना तेथे न जाण्याचे आवाहन केले होते, आणि ब्रिटिश वादक संघटनेचा तसा नियम होता. ‘क्वीन’ गेले. आम्ही राजकारणात पडत नाही, ऐकू इच्छिणाऱ्या कोणासाठीही वाजवितो, असे त्यांचे म्हणणे होते. संघटनेने दंड केला, संयुक्त राष्ट्रांच्या यादीत त्यांचे नाव चढले. त्यांनी तेथील मूकबधिर आणि अंध मुलांच्या शाळेला मदत केली हेही नोंदविले पाहिजे. पुढच्याच वर्षी अनेक कलावंतांनी एकत्र येऊन सन सिटीत आम्ही वाजविणार नाही अशी जाहीर प्रतिज्ञा करणारे गाणे काढले. आणि त्याच १९८५ च्या १३ जुलैला लंडनच्या वेम्बली मैदानावर दुष्काळग्रस्तांसाठी झालेल्या ‘लाइव्ह एड’मध्ये ‘क्वीन’ने वीसएक मिनिटांत मैदान जिंकले. चित्रपटाचा उत्कर्षबिंदू तो आहे. सन सिटीला त्यात जागा नाही.

मी येथे त्या माणसाचा खटला चालवीत नाही. २००३ साली बँडचे दोन जुने सहकारी केपटाऊनला नेल्सन मंडेला यांच्या एड्सविरोधी मोहिमेत गायले. तोवर मर्क्युरीला जाऊन बारा वर्षे झाली होती. माझा मुद्दा असा की चोरलेल्या नावाची किंमत येथे दिसते. फरोख बलसाराला, त्याच्या खऱ्या नावाने आणि खऱ्या रंगाने, त्या देशातील गोऱ्यांच्या बाकावर बसता आले नसते. तेथील कायद्याने हिंदी वंशाच्या माणसाची पायरी ठरवून दिलेली होती. फ्रेडी मर्क्युरीला मात्र टाळ्या मिळाल्या. आपण कोणत्या पायरीवरून वर आलो हे जो विसरतो, त्याला पायऱ्याच दिसेनाशा होतात. मग तो प्रामाणिकपणे म्हणू शकतो की माझा राजकारणाशी संबंध नाही.

हे वाक्य आपण कोठे ऐकले आहे? मंत्रालयाच्या मजल्यांवर, बँकांच्या केबिनांत, उपनगरांतील नव्या सोसायट्यांत. आपल्यातून शिकून वर गेलेला, जयंतीची वर्गणी टाळणारा, मुलांना बाबासाहेबांचा फोटो बैठकीत नको म्हणून सांगणारा माणूस हेच बोलतो.

७

आता पुन्हा आमच्या वर्गाकडे येतो. ज्या चार मुलांनी ते गाणे वाजविले त्यांनी कार्यक्रमाच्या फलकावर आपली आडनावे गाळली होती आणि पहिली नावे इंग्रजी धर्तीवर तोडून लिहिली होती. बाकीचे हसले. मला ते हसण्यासारखे वाटले नाही. वर्गात मी पाहतो, कोळीवाड्यातला मुलगा घरी ‘मना’ म्हणतो आणि महाविद्यालयाच्या फाटकात ‘मला’ म्हणतो. आई मासळी विकते हे सांगताना त्याचा आवाज खाली जातो. चाळीतली मुलगी स्वतःची ओळख करून देताना वडिलांच्या नावापाशी थांबते. कोळी समाजाचे दुःख आणि आपले दुःख एक नाही. त्याला समुद्र आणि गावठाण आहे, आपल्याला गावकुसाबाहेरचीही जमीन नव्हती. पण प्रमाण मराठीच्या आणि आडनावाच्या उंबरठ्यावर दोघेही अडखळतात. मी स्वतः या भागात भाड्याची खोली शोधत होतो तेव्हा एका घरमालकाने आधी आडनाव विचारले, मग गाव, मग आणखी कोणते आडनाव लावता काय हे विचारले, आणि मग खोली दुसऱ्याला दिल्याचे सांगितले. बडोद्याची नोंदवही अजून बंद झालेली नाही.

मग या मुलांना काय सांगावे? नाव लपवू नका असा उपदेश करणे सोपे आहे. ज्याला खोली हवी, नोकरी हवी, त्याने उपदेश पांघरून झोपावे काय? लपविणाऱ्याला भेकड म्हणण्याआधी बागुलांची कथा पुन्हा वाचावी. परंतु आपल्या परंपरेत लपविण्याखेरीज दुसरा एक मार्ग आहे आणि तो या मुलांना दाखविणे हे शिक्षकाचे काम आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो माणसांनी आपली जुनी ओळख टाकली. तेही नाव बदलणेच होते. पण ते भर उजेडात, सर्वांसमोर, सर्वांनी मिळून केलेले होते, आणि त्यात वरच्या पायरीचे नाव उसने घेतलेले नव्हते. पायऱ्याच नाकारणारे नाव घेतले होते. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी १९७८ च्या विधिमंडळ ठरावापासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत माणसांनी घरे जाळून घेतली, जीव दिले, ते एका पाटीसाठी नव्हते. ज्या वरळीत जानेवारी १९७४ मध्ये दंगल पेटली, आणि जिच्या निषेधाच्या मोर्चात परळला भागवत जाधवांचा बळी गेला, त्या वरळीतल्या मुलांना हा इतिहास कोणी तरी सांगायला हवा. चोरलेले नाव एकट्याने, अंधारात घेतले जाते, आणि ते कोणत्याही दिवशी हिसकावले जाते. नामांतर सगळे मिळून करतात, म्हणून ते हिसकावता येत नाही.

आंबेडकरी जलशातला शाहीर आपल्या गाण्यात आपले नाव घेई. भीमराव कर्डकांपासून वामनदादांपर्यंत ही रीत दिसते. त्या गाण्यांत रचनेचे नवल कदाचित ‘क्वीन’इतके नसेल, ध्वनिफितीचे चोवीस पदर नसतील. पण कोण गातो आहे आणि कोणासाठी, हे तेथे कळते. आमच्या मुलांनी ‘बोहेमियन रॅप्सडी’ जरूर वाजवावे. बेंजोवर वाजवावे, त्याची अवघड वळणे शिकावीत, त्यातील न्यायसभेची थट्टा समजून घ्यावी. ते थोर गाणे आहे आणि एका भेदरलेल्या माणसाचे खरे गाणे आहे. फक्त फलकावर आपले पूर्ण नाव लिहावे, गाव आणि आडनावासकट. फरोख बलसाराला ते १९७५ च्या लंडनमध्ये करता आले नाही. त्याच्या अंत्यविधीला मात्र झरतुष्ट्री धर्मगुरूंनी प्रार्थना म्हटल्या. त्याने जन्मभर मागे ठेवलेले नाव त्याच्या आईवडिलांनी ठेवलेले होते, आणि मरणानंतर ते परत आले. आमच्या मुलांना आपले नाव मिळायला मरणापर्यंत थांबावे लागू नये, एवढ्यासाठी चळवळ आहे, आणि एवढ्यासाठीच समीक्षाही आहे.